समेटाचा अधिकार : आंतरजातीय प्रेमकथा आणि सुखात्मिकेचा रूपबंध
('टाइमपास', 'सैराट' व 'धडक' या चित्रपटांच्या विशेष संदर्भात)

१. प्रास्ताविक

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सुखात्मिका आणि शोकात्मिका यांचा विचार प्रामुख्याने नाटकाच्या अंगाने होतो. विद्यार्थी दोहोंची लक्षणे सांगतो, उदाहरणे देतो आणि पुढील प्रश्नाकडे वळतो. परंतु वाङ्मयप्रकार म्हणजे केवळ लक्षणांची यादी नव्हे. एखाद्या समाजात कोणती गोष्ट हसतखेळत सुटू शकते आणि कोणती सुटू शकत नाही, याविषयीची त्या समाजाची धारणा त्या प्रकाराच्या घडणीतच मुरलेली असते. आंतरजातीय प्रेमकथा हे आशयसूत्र सुखात्मिकेच्या साच्यात घातले की ही धारणा उघडी पडते. प्रेमिकांच्या मीलनाने संपणारी कथा जातीच्या भिंतीपाशी आली की एक तर जातीचे नाव घेणे टाळते, अन्यथा स्वतःचा साचा मोडते. असे का घडते, याचा शोध घेणे हा या निबंधाचा हेतू आहे.

या शोधासाठी मराठीतील दोन लोकप्रिय चित्रपट निवडले आहेत : रवी जाधव दिग्दर्शित 'टाइमपास' (२०१४), त्याच्या 'टाइमपास २' (२०१५) या उत्तरार्धासह, आणि नागराज मंजुळे दिग्दर्शित 'सैराट' (२०१६). 'सैराट'चे हिंदी रूपांतर 'धडक' (२०१८) हे तुलनेसाठी घेतले आहे. चित्रपट ही साहित्यकृती नव्हे, हा आक्षेप येथे गृहीत धरलेला आहे. मात्र रूपबंधाचा प्रश्न नाटकाला, कादंबरीला आणि चित्रपटाला समान आहे. किंबहुना मराठी रंगभूमीने घडविलेली प्रेक्षकाची अपेक्षाच पुढे चित्रपटगृहात गेली, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

२. सुखात्मिकेची घडण आणि समेट करविणारी सत्ता

सुखात्मिकेचा सर्वपरिचित आराखडा असा : दोन तरुण जीव एकमेकांकडे ओढले जातात, वडीलधाऱ्यांचा, रूढीचा किंवा गैरसमजाचा अडथळा येतो, युक्त्या, वेषांतरे, निरोपे आणि मित्रांची मदत यांच्या बळावर अडथळा दूर होतो, शेवटी विवाह आणि मेजवानी होते. नॉर्थ्रॉप फ्राय या समीक्षकाने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सुखात्मिकेच्या शेवटाकडे विशेष लक्ष वेधले आहे. त्याच्या मांडणीनुसार अखेरीस केवळ दोन व्यक्ती एकत्र येत नाहीत, त्यांच्याभोवती एक नवा समाज आकार घेतो आणि अडथळा आणणाऱ्यांनाही शक्यतो त्यात सामावून घेतले जाते. आपल्याकडील भाषेत सांगायचे तर नुसते लग्न पुरेसे नसते, पंगत बसावी लागते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. या समेटाला मान्यता कोण देते? प्रेमिक स्वतः ती देऊ शकत नाहीत, कारण त्यांचा आपापसात वादच नसतो. अडथळा आणणारा स्वखुशीने क्वचितच बदलतो. म्हणून प्रत्येक सुखात्मिकेत कोठेतरी एक सत्ता लागते, जिच्या शब्दाला समाज मान देतो. या सत्तेला प्रस्तुत निबंधात 'समेटाचा अधिकार' असे म्हटले आहे. हा अधिकार कोणाकडे आहे, हे पाहिले की कृतीची सामाजिक दृष्टी ध्यानात येते.

संस्कृतातील 'मृच्छकटिक' हे प्रकरण या दृष्टीने मूलगामी आहे. ब्राह्मण चारुदत्त आणि गणिका वसंतसेना यांचे प्रेम पहिल्या अंकापासून प्रेक्षकाला ठाऊक असते. परंतु वसंतसेनेला वधूचा दर्जा मिळतो तो दहाव्या अंकाच्या अखेरीस, आणि तोही राज्य पालटल्यानंतर. जुलमी पालक मारला जातो, गोपाळांत वाढलेला आर्यक सिंहासनावर येतो आणि त्या नव्या राजाच्या आज्ञेने तिचे गणिकापण संपते. सीमा ओलांडणाऱ्या प्रेमाचा शेवट गोड व्हायचा असेल तर राजाच बदलावा लागतो, हे शूद्रकाच्या रचनेतील तथ्य फारसे अधोरेखित झालेले नाही. देवलांनी या नाटकाचे मराठीकरण केले तेव्हा मराठी प्रेक्षकाला त्यातील प्रेमकथा भावली. त्यामागची राज्यक्रांती मात्र बव्हंशी पार्श्वभूमीत राहिली.

देवलांचेच 'शारदा' (१८९९) पाहावे. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरलेला शारदेचा विवाह मोडतो, याचे निमित्त सगोत्रतेचे आहे. कोदंडाशी तिचा विवाह होतो, त्याला आधार शंकराचार्यांच्या निर्णयाचा आहे. जरठकुमारी विवाहावर इतका कठोर प्रहार करणारे हे नाटक शेवट मात्र धर्मसत्तेच्या अनुज्ञेने करते, आणि वधूवर एकाच जातीत राहतात. सुधारणेचा आवाका जातीच्या आतला आहे. येथे देवलांना दोष देण्याचे कारण नाही. त्या काळच्या प्रेक्षकाला पटेल असा समेटाचा अधिकार धर्मपीठापाशीच होता, एवढेच नोंदवायचे आहे.

३. करवीरचा कायदा आणि करवीरचा विनोद

समेटाचा अधिकार राजसत्तेने स्वतःकडे घेतल्याचे आधुनिक उदाहरण कोल्हापुरातच आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली भिन्न जातींतील हिंदू स्त्रीपुरुषांना लग्न करायचे झाल्यास आपण हिंदू धर्म मानीत नाही, असे प्रतिज्ञापूर्वक सांगावे लागे. ही अट १९२३ च्या दुरुस्तीपर्यंत कायम होती. विठ्ठलभाई पटेल यांनी १९१८ साली हिंदूंच्या आंतरजातीय विवाहांना वैधता देणारे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले, त्यास सनातनी मंडळींनी कडवा विरोध केला. राजर्षी शाहू महाराजांनी मात्र या विधेयकाचा पुरस्कार केला आणि जुलै १९१९ मध्ये करवीर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायदेशीर मान्यता देणारा कायदा जारी केला. धर्म न सोडता जात ओलांडण्याची वाट या कायद्याने खुली केली. कागलच्या घाटगे घराण्यातील कन्या आणि इंदूरचे यशवंतराव होळकर यांचा १९२४ मध्ये झालेला विवाह हे मराठा व धनगर समाजांत बेटीव्यवहार सुरू व्हावा या महाराजांच्या प्रयत्नांचे फळ मानले जाते. महाराजांचे निधन त्याआधी दोन वर्षे, ६ मे १९२२ रोजी झाले होते.

याच काळातील दुसरी घटना चित्रपटसृष्टीची. बाबूराव पेंटरांनी १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि त्यांच्या शिष्यांनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात स्थापन केली. पुढे 'हंस पिक्चर्स'ने १९३८ मध्ये आचार्य अत्रे यांच्या कथेवर आधारलेला, मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला 'ब्रह्मचारी' मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत पडद्यावर आणला. प्रेमविनोदपटाच्या मराठी परंपरेचा हा एक आरंभबिंदू होय. त्यातील अडथळा कोणता? नायकाने घेतलेले ब्रह्मचर्याचे व्रत. अडथळा नायकाच्या डोक्यात आहे, गावात नाही. म्हणून तो हास्याने विरघळतो.

ज्या नगरीत एकोणीस वर्षांपूर्वी आंतरजातीय विवाहाचा कायदा झाला, त्याच नगरीत तयार झालेल्या विनोदपटाला जात या अडथळ्याकडे वळावेसे वाटले नाही, ही बाब अर्थपूर्ण आहे. कायद्याने जे मान्य केले होते ते हास्याच्या टापूत आले नव्हते. हसण्यासाठी प्रेक्षकांचे एकमत लागते. ढोंगी ब्रह्मचाऱ्याविषयी ते होते, जातीविषयी नव्हते.

४. अनुलोम, प्रतिलोम आणि शेवटाची दिशा

आंतरजातीय प्रेमकथांचे आणखी एक वर्गीकरण येथे उपयुक्त ठरते. स्मृतिकारांच्या परिभाषेत उच्च मानलेल्या वर्णाचा पुरुष व कनिष्ठ मानलेल्या वर्णाची स्त्री हा विवाह अनुलोम, तर याच्या उलट तो प्रतिलोम. पहिला कसाबसा सहन केला जाई, दुसरा निंद्य ठरे. ही परिभाषा आपण त्याज्य मानतो. परंतु कथानकांच्या पोटात ती अद्याप काम करीत असल्याचे दिसते.

'अछूत कन्या' (१९३६) मध्ये नायक ब्राह्मण, नायिका अस्पृश्य मानलेल्या कुटुंबातील. 'सुजाता' (१९५९) मध्येही तीच रचना. 'अछूत कन्या'चा शेवट कस्तुरीच्या मृत्यूने होतो, म्हणजे अनुलोम रचना असली की शेवट गोड होतोच असे नाही. परंतु गोड शेवट ज्या चित्रपटाला साधला, त्या 'सुजाता'ची रचना अनुलोम आहे, आणि तेथील समेटाचा अधिकार रक्ताकडे आहे. सुजाता ज्या घरात वाढली त्या घरच्या आईला तिचेच रक्त द्यावे लागते, आणि मग मायेवरचे जातीचे सावट दूर होते. जातीचा पाया रक्तशुद्धीच्या कल्पनेत असल्याने त्या कल्पनेवरच घाव घालण्याची बिमल रॉय यांची योजना कल्पक आहे. तथापि, आपण स्वीकारार्ह आहोत हे सिद्ध करण्याचा भार येथेही सुजातेवरच पडतो. तिने रक्त दिले नसते तर तिचा हक्क उणा ठरला असता काय, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही.

याउलट तेंडुलकरांचे 'कन्यादान' (१९८३), मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३), त्यानंतरचा 'सैराट' या तिन्ही कृतींत मुलगी वरच्या मानलेल्या जातीतील आहे आणि तिन्हींचा शेवट सुखाचा नाही. 'कन्यादाना'त विवाह होतो, पण तो वडिलांच्या समाजवादी स्वप्नाची परीक्षा बनतो. 'फँड्री'त तर शालूपर्यंत जब्याचा शब्दही पोहोचत नाही. अखेरीस त्याने भिरकावलेला दगड पडद्याच्या दिशेने, म्हणजे प्रेक्षकाच्या दिशेने येतो.

डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात सजातीय विवाहाचे बंधन हे जातीचे मूळ लक्षण म्हणून दाखविले आणि ते टिकविण्यासाठी स्त्रीवर नियंत्रण कसे आणले गेले याची मीमांसा केली. १९३६ च्या त्यांच्या जातिनिर्मूलनाच्या प्रबंधात आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय असल्याचे प्रतिपादन आहे. या विवेचनाच्या उजेडात वरील कथानके पाहिली की कन्येचा निर्णय हाच संघर्षाचा गाभा का ठरतो, ते कळते. मुलगा जातीबाहेर गेला तर घराण्याला एक सून स्वीकारावी किंवा नाकारावी लागते. मुलगी गेली तर जातीची कुंपणरेषाच ओलांडली जाते.

५. 'टाइमपास' : आडनावांची सुखात्मिका

वरील मांडणीला 'टाइमपास' हा अपवाद वाटतो. येथे मुलगी प्राजक्ता लेले आणि मुलगा दगडू परब. रचना वरवर प्रतिलोम आहे, आणि तरीही 'टाइमपास २' च्या शेवटी दोघे एकत्र येतात. हा अपवाद कसा शक्य झाला?

पहिली गोष्ट अशी की येथे जात उच्चारली जात नाही, ती आडनावाने सुचविली जाते. लेले म्हटल्यावर मराठी प्रेक्षकाला घर, बोली आणि संस्कार यांचे चित्र दिसते. परब या कोकणी आडनावावरून मात्र नेमकी जात सांगता येत नाही. एक आडनाव जातीचा निर्देश करते, दुसरे तो धूसर ठेवते. परिणामी प्रेक्षकासमोर जो विरोध उभा राहतो तो जातीजातींमधला न राहता सुसंस्कृत आणि टपोरी यांच्यामधला बनतो.

दुसरी गोष्ट भाषेची. चित्रपटातील हास्याचा मोठा भाग दगडूच्या आणि त्याच्या मित्रांच्या बोलीतून येतो, तर उरलेला माधव लेले यांच्या काटेकोर, उपदेशपर बोलण्यातून. दोन्हीकडे हसू आहे, पण ते समान नाही. लेल्यांना आपण त्यांच्या अतिरेकासाठी हसतो. दगडूला त्याच्या उणिवेसाठी. वैभव मांगले यांनी साकारलेला बाप भयाचा आणि विनोदाचा विषय एकाच वेळी असल्याने तो सुखात्मिकेतील पारंपरिक अडथळा आणणारा पिता ठरतो. त्याचा विरोध हा जातिव्यवस्थेचा विरोध न वाटता एका तिरसट माणसाचा स्वभाव वाटतो. स्वभाव बदलता येतो. म्हणून प्रेक्षक निर्धास्त असतो.

तिसरी आणि निर्णायक गोष्ट म्हणजे समेटाचा अधिकार. पहिल्या भागात दोघांची ताटातूट होते. उत्तरार्धात दगडू व्यवसायात यश मिळवून पैसेवाला झालेला आहे. ज्या अंतराला पहिल्या भागात संस्कारांचे नाव होते, ते दुसऱ्या भागात कमाईने बऱ्याच अंशी भरून निघते. राजाज्ञा, धर्मपीठ, रक्त यांची जागा येथे पैशाने घेतली आहे. १९९१ नंतरच्या महाराष्ट्रात वाढलेल्या प्रेक्षकाला हे उत्तर पटणारे आहे, कारण त्याच्या आकांक्षांना ते अनुकूल आहे. परंतु या उत्तराची एक पूर्वअट आहे : जातीचे नाव घ्यायचे नाही. नाव घेतले असते तर पैशाने ती मिटते की नाही, हे तपासून पाहावे लागले असते. 'टाइमपास'चा गोडवा या मौनाच्या मोबदल्यात मिळालेला आहे. ही टीका नव्हे. लोकप्रिय विनोदपटाच्या मर्यादा आणि त्याचे कसब या दोहोंचे ते वर्णन आहे.

६. 'सैराट' : वचन आणि विश्वासघात

'सैराट' मध्ये नेमके हेच तपासून पाहिले आहे. चित्रपटाच्या पूर्वार्धाला प्रेमविनोदपटाची सर्व अंगे आहेत. क्रिकेटचा सामना, विहिरीवरची भेट, लहान मुलाच्या हाती धाडलेली चिठ्ठी, सल्या आणि प्रदीप हे विदूषकाच्या जातकुळीचे जिवलग मित्र, प्रदीपच्या प्रेमाचे उपकथानक. अजय-अतुल यांच्या संगीतासाठी लॉस एंजेलिस येथे सिम्फनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण करण्यात आले; करमाळा परिसरातील शेतांवर तो नाद पसरतो तेव्हा ग्रामीण प्रेमाला त्याआधी क्वचितच लाभलेली भव्यता येते. शृंगारापासून हास्य उत्पन्न होते, हे भरताचे सूत्र पूर्वार्धाला तंतोतंत लागू पडते.

तथापि पूर्वार्धाच्या हास्यातच पुढील अरिष्टाची बीजे आहेत. कविता शिकविणाऱ्या प्राध्यापकाला आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात थोबाडीत मारतो, आणि त्यानंतर खुलासा करण्याची पाळी शिक्षणसंस्थेवर येते. साहित्याच्या अध्यापकांनी या प्रसंगाकडे विशेष लक्ष द्यावे. वर्गातील कवितेचा अधिकार आणि गावातील पाटीलकीचा अधिकार समोरासमोर आले तेव्हा कोणता वरचढ ठरला, हे दिग्दर्शकाने एका चपराकीत दाखविले आहे. समेटाचा अधिकार पुढे कोणाकडे असणार नाही, याची ती पूर्वसूचना आहे.

आर्चीच्या व्यक्तिरेखेचा विचार सामान्यतः बंडखोर नायिका म्हणून होतो. ती बुलेट चालविते, ट्रॅक्टर चालविते, मराठीत सांगितलेले कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का असे दरडावून विचारते. रिंकू राजगुरूच्या अभिनयाला ६३ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख लाभला तो यथार्थच होय. परंतु आर्चीच्या निर्भयतेला तिच्या घराण्याच्या वर्चस्वाचेही पाठबळ आहे, हे दुर्लक्षून चालणार नाही. ज्या पाटीलकीच्या जोरावर ती गावात ताठ मानेने फिरते, तीच पाटीलकी तिच्या निवडीच्या क्षणी तिच्यावर उलटते. हैदराबादच्या झोपडीत पोहोचल्यावर बुलेट नसते, ट्रॅक्टर नसतो, नाव नसते. तिची खरी मुक्ती बुलेटवर सुरू होत नाही, ती येथे सुरू होते. मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील परश्याला श्रम नवे नाहीत. आर्चीला ते शिकावे लागतात. या शिकण्याचा कंटाळा, भांडणे, संशय आणि पुन्हा जुळणे यांना मंजुळे यांनी दिलेला विस्तार हा चित्रपटाचा सर्वांत वास्तव भाग आहे. पळून जाण्यापाशी संपणाऱ्या असंख्य प्रेमकथांनी जे टाळले ते येथे सुरू होते.

उत्तरार्धात 'टाइमपास २' चे उत्तरही आजमावले जाते. दोघे काम करतात, नोंदणी पद्धतीने विवाह करतात, मूल होते, परिस्थिती सुधारते, स्वतःच्या घराचे स्वप्न दृष्टिपथात येते. कायदा आहे, कमाई आहे, अपत्य आहे. सुखात्मिकेला आणखी काय हवे? माहेरची मान्यता. आणि ती येते असा भास निर्माण होतो.

शेवटच्या दृश्याची मांडणी म्हणूनच पुनःपुन्हा अभ्यासण्याजोगी आहे. दारात रांगोळी. माहेरची माणसे भेटी घेऊन येतात. चहा होतो. रांगोळी, पाहुणे, आहेर, चहा, घरात खेळणारे मूल ही सारी सामग्री सुखान्ताची आहे. रुसवा संपला, पंगत आता बसणार, असे प्रेक्षकाला रूपबंधाच्या सवयीनेच वाटू लागते. हत्या पडद्यावर दाखविलेली नाही. आवाज नाहीसा होतो. लहान मूल आत जाते, बाहेर येते, आणि त्याची रक्ताळलेली पावले उमटत जातात. येथे केवळ दोन पात्रांचा विश्वासघात होत नाही, सुखात्मिकेने प्रेक्षकाला दिलेले वचनही मोडले जाते. मारेकरी समेटाच्या वेषात आले, कारण समेटाच्या खुणांवर आपला विश्वास आहे हे त्यांना ठाऊक होते. 'सैराट'ला पूर्वार्ध हसरा आणि शेवट रडका असलेला चित्रपट म्हणणे त्यामुळे अपुरे आहे. सुखात्मिकेचाच शेवट आतून पोखरून दाखविणारी ही कृती आहे.

७. 'धडक' : वगळलेली जात

शशांक खेतान यांचा 'धडक' कथेला करमाळ्याहून उदयपूरला नेतो. नायिका पार्थवी राजकारणी राजपूत घराण्यातील, नायक मधुकर हा पर्यटकांसाठी उपाहारगृह चालविणाऱ्या कुटुंबातील. दोन घरांतील अंतर प्रतिष्ठेचे व सत्तेचे आहे. जातीचा उल्लेख जेमतेम येतो. मूळ कथेची घटनाक्रमणा बरीचशी कायम असूनही परिणाम वेगळा होतो, कारण कारणच पुसट केले आहे. मासे धरणाऱ्याचा मुलगा आणि पाटलाची मुलगी यांच्यामधल्या अंतराला तळे, मळा, वाडा, वस्ती असा भूगोल आहे. 'धडक' मध्ये तो भूगोल राजवाडे व सरोवरे यांच्या देखाव्यात हरवतो.

शेवटातील फरक तर मूलगामी आहे. 'सैराट' मध्ये आईबाप मारले जातात आणि मूल उरते. 'धडक' मध्ये पती व मूल मारले जातात, पार्थवी उरते. पहिल्या शेवटात ज्याची जात ठरविणे व्यवस्थेला अवघड जावे असे मूल प्रेक्षकाच्या हवाली केले जाते. ते रडत आपल्याकडे येते आणि त्याचे पुढे काय, हा प्रश्न आपला होतो. दुसऱ्या शेवटात वरच्या घराण्यातील कन्येचे दुःख आपल्यासमोर राहते. कनिष्ठ ठरविलेला पुरुष आणि संकरातून जन्मलेले अपत्य दोघेही कथेतून नाहीसे होतात. निर्मात्यांचा हेतू तसा नसेलही. परंतु रूपांतराच्या अभ्यासात हेतूपेक्षा निष्पत्ती महत्त्वाची. हिंदीत हा विषय पुढे 'धडक २' (२०२५) मध्ये अधिक उघडपणे हाताळला गेला. मात्र ते 'सैराट'चे नव्हे, तर मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) या तमिळ चित्रपटाचे रूपांतर आहे. जातीचे नाव घेण्याचे धैर्य हिंदी प्रेमपटाला प्रादेशिक चित्रपटांकडून घ्यावे लागले, असे यावरून म्हणता येते.

८. कायद्याची मुदत आणि कथेची मुदत

या विवेचनाला वर्गाबाहेरची एक बाजू आहे. सुखात्मिकेत अडथळ्याचा काळ हा गमतीचा काळ असतो. प्रेमिकांची धडपड, चुकामुकी, युक्त्या त्याच काळात घडतात. प्रत्यक्षात विशेष विवाह कायदा, १९५४ अन्वये विवाहाची पूर्वसूचना नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते आणि तीस दिवसांत आक्षेप घेता येतो. हे तीस दिवस अनेकदा सर्वाधिक धोक्याचे असतात, कारण जे घरी सांगता आले नाही ते कार्यालयाच्या भिंतीवर लागते. सर्वोच्च न्यायालयाने 'शक्ति वाहिनी' खटल्यात २७ मार्च २०१८ रोजी दिलेल्या निर्णयात दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला कुटुंबाची वा जातपंचायतीची संमती आवश्यक नसल्याचे स्पष्ट केले आणि अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्हास्तरावर विशेष कक्ष उभारण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध केलेला २०१६ चा कायदाही याच दिशेचा. आज समेटाचा अधिकार निःसंशय राज्यघटनेकडे आहे. तो उंबरठ्याच्या आत मानला जातो काय, एवढाच प्रश्न उरतो, आणि 'सैराट'चे शेवटचे दृश्य त्याच उंबरठ्यावर घडते.

यासंदर्भात शब्दांचाही विचार व्हावा. एके काळी रूढ असलेला 'मिश्रविवाह' हा शब्द मागे पडून 'आंतरजातीय विवाह' हा शब्द स्थिरावला. त्यात दोन्ही जाती कायम आहेत. वृत्तपत्रांनी 'ऑनर किलिंग' हा शब्द जसाच्या तसा उचलला, त्यात खुनाला प्रतिष्ठेची झूल मिळाली. ज्या कृत्याला साधा 'खून' हा शब्द पुरेसा आहे त्यासाठी वेगळे नाव का लागते, हा भाषेच्या अभ्यासकाने विचारण्याचा प्रश्न आहे.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. सुखात्मिकेच्या शेवटासाठी समेट करविणारी सत्ता लागते. 'मृच्छकटिका'त ती नव्या राजाकडे, 'शारदे'त धर्मपीठाकडे, 'सुजाता'त रक्ताकडे, 'टाइमपास २' मध्ये मुख्यतः कमाईकडे आहे. 'सैराट'ने कायदा, श्रम, कमाई आणि अपत्य हे सर्व आधार आपल्या पात्रांना देऊन पाहिले आणि जात जोवर घरात शाबूत आहे तोवर ते अपुरे पडतात, हे दाखविले. प्रतिलोम मानल्या गेलेल्या प्रेमाला गोड शेवट देताना लोकप्रिय कलाकृती जातीचे नाव टाळतात. नाव घेणाऱ्या कृतींना साचा मोडावा लागतो. 'धडक' मध्ये साचा मोडला आहे, पण नावही पुसट केले आहे, म्हणून त्याचा आघात बोथट होतो.

अध्यापनाच्या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. सुखात्मिका शिकविताना विद्यार्थ्यांना केवळ लक्षणे न विचारता प्रत्येक कृतीपुढे तीन प्रश्न ठेवावेत : अडथळा कोणाच्या मनात आहे आणि कोणाच्या हातात आहे? आपण कोणाला हसलो? आणि शेवटी 'होय' म्हणण्याचा अधिकार कोणाला होता? आपल्या महाविद्यालयांच्या वर्गांत परश्या आणि आर्ची शेजारशेजारच्या बाकांवर बसलेले असतात. त्यांच्यापैकी कोणाला हे प्रश्न निव्वळ परीक्षेचे वाटणार नाहीत. करवीरच्या कायद्याला शंभर वर्षे उलटून गेल्यावरही जातीचे नाव घेऊन पंगतीपर्यंत निर्धास्त पोहोचणारी सुखात्मिका मराठीत विरळाच आहे. ती लिहिली जाणे लेखकाच्या प्रतिभेवर जितके अवलंबून आहे, तितकेच ती पाहून निर्धास्तपणे हसू शकणारा समाज घडण्यावर.